राखेची ओळख पटवणारे दशक

११ जुलै २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना निघाली आणि देशातल्या बहुसंख्य औष्णिक संचांना धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. मूळ नियम डिसेंबर २०१५ चा आणि तो दोन वर्षांत पाळायचा होता. मुदतवाढीवर मुदतवाढ देत दहा वर्षे काढली आणि शेवटी सांगितले काय, तर आपल्या कोळशात गंधक मुळातच कमी, जेमतेम अर्धा टक्का. नागपूरजवळच्या कामठीत बसून हे वाचताना जिव्हारी लागले. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला साधारण दहा हजार टन कोळसा खातो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पन्नास टन गंधक, आणि जळून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो शंभर टनांच्या घरात. जवळच्याच कोराडीच्या वीजकेंद्रात असे तीन संच आहेत. हा वायू हवेत वायूच राहत नाही. ऑक्सिजनशी आणि मग अमोनियाशी जुळून त्याचे मायक्रॉनपेक्षा बारीक सल्फेटकण होतात आणि ते फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात.

१९७४ साली कोराडीचा पहिला संच सुरू झाला. त्याच वर्षी नागपूरच्या केंद्रीय संस्थेला ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) हे आजचे नाव मिळाले. राख आणि राखेचा अभ्यास हाकेच्या अंतरावर एकाच वेळी उभे राहिले. १९७८ पासून नीरीने देशातल्या दहा शहरांची हवा मोजायला घेतली, त्यात नागपूर होते. ऐंशीच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. हवेच्या प्रदूषणाचा १९८१ चा कायदा आला, आणि दशक संपता संपता खापरखेड्याच्या वीजकेंद्राचा पहिला संच.

मला बोलायचे आहे ते नव्वदच्या दशकाबद्दल. मी इथल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. हवा ओढणारा हाय व्हॉल्यूम सॅम्पलर गच्चीवर घरघरायचा. मिनिटाला घनमीटरभर हवा, आठ तासांनी कागद बदलायचा. काचतंतूचा पांढरा कागद करडा होऊन उतरे. तो डेसिकेटरमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वजन घ्यायचे. पण वजनावर आम्ही थांबत नव्हतो. कण कशाचा, हा खरा प्रश्न होता. कागदच काचेचा, त्यामुळे त्यावरची सिलिका शोधणे व्यर्थ. म्हणून आम्ही गच्च्यांवर थाळ्या ठेवून पडलेली धूळ गोळा करत असू. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला, वारेगावचा राखबंधारा कोरडा पडला, की थाळी तासाभरात करडी होई.

ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कुळी लगेच कळे. मातीचा कण वेडावाकडा, कडा तुटलेल्या. काजळीचे काळे पुंजके. आणि भट्टीतली राख म्हणजे गोल, चकचकीत, पारदर्शक गोळ्या. काहींच्या पोटात हवेचा बुडबुडा. कोळशातली चिकणमाती भट्टीत वितळते आणि हवेतच थिजते, म्हणून हा गोलाकार. आमचे प्रयोगशाळा परिचर भिंगातून डोकावून म्हणाले, “बापा, हे तं काचेचे मणी होय जी!” थाळीतली चिमूटभर धूळ पाण्याच्या ग्लासात टाकली की त्यातले पोकळ मणी वर तरंगत. पुढे ती धूळ ॲसिडमध्ये विरघळवून द्रावण ज्वालेत धरायचे, मँगनीजचा दिवा लावायचा आणि २७९.५ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला ते पाहायचे. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी उत्तरेला असल्याने तोही हिशेब हवा होता. इन्फ्रारेडमध्ये सिलिकेट आणि सल्फेट दोघेही ११०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास पट्टा देतात आणि एकमेकांना झाकतात. मग ६१७ जवळचा लहान पट्टा शोधायचा. तो दिसला की सल्फेट आहेच.

या धुळीबद्दलच्या एका बैठकीत एका साहेबांनी ही शेतातली धूळ आहे असे सांगून विषय संपवला होता. पुढच्या बैठकीला आम्ही स्लाइड आणि सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो. शेतातल्या मातीत असे मणी नसतात. त्यांनी भिंगाला डोळा लावला नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

१९९४ च्या मानकांचा रागही तितकाच जुना आहे. चोवीस तासांच्या एकूण धुळीला निवासी भागात घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम आणि औद्योगिक भागात ५०० ची मुभा. कारखान्याच्या कुंपणालगत राहणाऱ्याच्या पोराने अडीचपट धूळ का गिळावी? २००९ मध्ये हा भेद गेला, पीएम १० च्या जोडीला पीएम २.५ आले, ते योग्यच झाले. पण एकूण धूळ मानकातूनच वगळली. शंभर मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे फूटभर खाली येतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. एक मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतही मीटरभर उतरायला काही तास लागतात. दुसरा जास्त घातक, हे मान्य. पण इथल्या बायका ज्याबद्दल तक्रार करत होत्या, ती कपड्यांवरची राख त्या दिवसापासून मोजणीतच उरली नाही.

२०११ मध्ये सहा शहरांच्या धुळीचा स्रोतनिहाय अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली आणि मुंबईचे काम नीरीने केले. सहांत नागपूर नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता आकडे भरपूर आहेत. हवेचा निर्देशांक मोबाइलवर दिसतो, विद्यार्थी तो मला दाखवतात. कण कशाचा हे विचारले की गप्प होतात, कारण निर्देशांकामागचे यंत्र वस्तुमान सांगते, कूळ सांगत नाही. गच्चीवरच्या थाळ्या गेल्या, स्लाइडच्या पेट्या रद्दीत निघाल्या. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला, राख शेतांत आणि कन्हानच्या पाण्यात गेली, तेव्हा चार दिवस सगळ्यांना राख आठवली.

मे २०२३ मध्ये कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटच्या संचांसाठी जनसुनावणी झाली. संच असे वाढणार असतील, तर कोळशात गंधक कमी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कामठीत वर्षभर, हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी धरून, टेफ्लॉनच्या कागदावर पीएम २.५ गोळा करावे आणि त्यातला सल्फेट मोजून जाहीर करावा. त्याला लागणारी उपकरणे आणि माणसे नागपुरातच आहेत.