माळ्यावरचा तुंबा

पनवेल म्हटले की हल्ली लोकांना विमानतळ आठवतो. पूर्वी चाके आठवत. बैलगाडीच्या चाकांसाठी हे गाव नावाजलेले होते आणि माझे आजोबा त्याच धंद्यातले. त्यांच्या हातचा एक तुंबा, म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा, आमच्या माळ्यावर पडून होता. घर बदलताना तो मोडीत काढायचे मी जवळजवळ ठरवलेच होते.

त्याच सुमारास सूनबाईने देवघराच्या दारांसाठी मोठ्या हौसेने फळ्या आणल्या. दुकानदाराने महोगनी म्हणून दिलेल्या! रंग तांबूस तपकिरी आणि अंगावर फिकट-गडद पट्टे. फळी जराशी कलती केली की फिकट ते गडद आणि गडद ते फिकट व्हावे, अशी मौज. मिस्त्रींनी मात्र रंधा मारला आणि कपाळाला हात लावला. एका पट्ट्यावर रंधा सुरळीत चाले, शेजारच्यावर ढलप्या उपटून काढी.

"भाऊ, ही महोगनी नव्हे. आफ्रिकेतली सापेली आहे. हिच्या रेषा उलटसुलट असतात."

सापेली हे नाव नायजेरियातल्या त्याच नावाच्या बंदरावरून आले. घाना, कॅमेरून, काँगो इथल्या अरण्यांत हा वृक्ष दीडशे फुटांपर्यंत वाढतो. कूळ महोगनीचे, आपला कडुनिंबही त्यातलाच. याचे तंतू काही काळ खोडाभोवती एका अंगाने वळत चढतात, मग दुसऱ्या अंगाने. गाभ्यापासून सालीच्या दिशेने ओंडका चिरला की हे थर शेजारी शेजारी उघडे पडतात. एकावर उजेड चमकतो, दुसऱ्यात मुरतो. तेच ते पट्टे. तंतू वेडेवाकडे लाटांसारखे गेले असतील, तर बुडबुड्यांसारखी नक्षी उमटते. तसल्या लाकडाचे कागदासारखे पातळ विनियर काढून कपाटांवर आणि वाद्यांवर चढवतात.

"रंध्याला वैरी, पण असले लाकूड सहजी फाटत नाही," मिस्त्री म्हणाले.

ते ऐकले आणि मला आजोबा आठवले. सरळ रेषांचे, कुऱ्हाडीसरशी दुभंगणारे लाकूड ते तुंब्याला कधी घेत नसत. आरे ठोकताना जो फुटेल, तो तुंबा कसला!

मी माळ्यावर चढलो. धूळ झटकून तुंबा मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला. आऱ्यांची भोके बोटांनी चाचपीत ते बराच वेळ गप्प बसले.

दारे त्यांनी पातीने खरवडून, पॉलिशपेपरने घासून पुरी केली. सूनबाई म्हणाली, "बाबा, समई तुंब्यावरच ठेवू या."

यंदा लक्ष्मीपूजनाला ज्योत हलली, की दारांवरचे पट्टेही हलतात.