जुनाट कंबरदुखी : भौतिकोपचार व पारंपरिक उपाय
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला जिल्हे)

प्रस्तावना :
अमरावती व अकोला हे वऱ्हाडातील कापूस, सोयाबीन व तुरीचे जिल्हे होत. येथे निंदण व वेचणीची कामे मुख्यतः स्त्रियांकडे, तर डवरणी आणि पाठीवर पंप घेऊन करावयाची फवारणी मुख्यतः पुरुषांकडे असते. वेचणीची मजुरी बहुधा किलोवर मिळते. त्यामुळे 'आराम करा' हा सल्ला मजूर स्त्रीच्या दृष्टीने मजुरी बुडविण्याचा सल्ला ठरतो. जगात २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीस जुनाट म्हटले जाते. या दुखण्यावरील भौतिकोपचार व पारंपरिक उपाय यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुखण्याचे स्वरूप :
सुमारे ९० टक्के रुग्णांत कंबरदुखीचे एकच निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. 'मणक्यात गॅप आहे' हे निदान सर्वत्र ऐकू येते. परंतु चकतीची झीज वाढत्या वयात वेदना नसलेल्या व्यक्तींच्या तपासणीतही आढळते. 'गॅप'च्या भीतीने रुग्ण हालचाल टाळतो, स्नायू दुर्बल होतात व थोड्या श्रमानेही वेदना वाढते. जुनाटपणा टिकविणारे हे चक्र होय.

पारंपरिक उपाय :
तिळाच्या तेलाचे मालीश, तापविलेल्या विटेचा किंवा रेतीच्या पुरचुंडीचा शेक, निर्गुडी, एरंड वा रुईची पाने गरम करून बांधणे हे घरगुती उपाय प्रचलित आहेत. उसण भरल्यास पायाळू व्यक्तीचा पाय लावून घेण्याचीही रीत आहे. आयुर्वेदात चरकसंहितेने ८० वातविकारांत गृध्रसीची गणना केली आहे. स्नेहन व स्वेदन हे वातविकारांवरील प्रमुख उपक्रम असून, उडदाच्या पिठाचे पाळे करून त्यात कोमट तेल धरण्याच्या कटिबस्तीत दोहोंचा मेळ आहे.

उष्णता व मर्दन यांमुळे स्नायूंचा ताठरपणा कमी होतो व वेदना काही काळ शमते. मात्र मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्या रुग्णास शेकाने भाजण्याचा धोका असतो. तापलेल्या लोखंडाचा डाग देणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

भौतिकोपचार :
पाठ, पोट व नितंब यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, नियमित चालणे आणि श्रमात क्रमाक्रमाने वाढ, हा भौतिकोपचाराचा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मसाज व मानसशास्त्रीय उपचारांची शिफारस आहे. कंबरपट्टा व ट्रॅक्शन यांचा नेहमीच्या उपचारांत वापर करू नये, असेही त्यांत सांगितले आहे.

यावरून 'पारंपरिक विरुद्ध आधुनिक' ही विभागणी अपुरी ठरते. दवाखान्यात दहा दिवस यंत्राचा शेक घेऊन व्यायाम न करणारा रुग्ण आणि घरी विटेचा शेक घेणारा रुग्ण यांच्या उपचारांत तत्त्वतः फारसा फरक नाही. दोन्ही उपचार निष्क्रिय आहेत. शेकाने मिळालेल्या आरामाच्या काळात व्यायाम केल्यास मात्र तोच शेक साहाय्यक ठरतो.

धोक्याची लक्षणे :
लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरता किंवा पायातील शक्ती कमी होत जाणे अशी लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे. ताप व वजनातील घट यांसह असलेली कंबरदुखी मणक्याच्या क्षयाचीही असू शकते. तिची तपासणी लांबवू नये. अशा वेळी मालिशीत गेलेले दिवस कायमचे अपंगत्व आणू शकतात.

निष्कर्ष :
१. शेक व मालीश ही वेदनाशमनाची साधने आहेत. व्यायामाचा पर्याय नव्हेत.
२. ओटी वारंवार रिकामी करणे, पंपाचे दोन्ही पट्टे वापरणे व कामाची स्थिती बदलत राहणे, हे पूर्ण विश्रांतीपेक्षा व्यवहार्य आहे.
३. अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची व्यायामपरंपरा आहे. शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांच्याद्वारे महाविद्यालयांना हे ज्ञान वेचणीच्या हंगामापूर्वी गावांपर्यंत नेता येईल.