संगणकाच्या आवाजाची स्वयंचलित व्यवस्था

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण हे तालुके आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होईपर्यंत हा मुलूख हैद्राबाद राज्यात मोडत असे. येथील अनेक घरांत मराठी बोलली जाते, बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषा चालतात, तर शासकीय कामकाज कन्नडमधून होते. कर्नाटकाची शालेय पाठ्यपुस्तके मराठीसह सात माध्यमांतून छापली जातात. अशा प्रदेशात कानांनी ऐकलेल्या शब्दाला विशेष मोल असते. घरची भाषा मुलाला आपोआप येते. दुसरी भाषा मात्र त्याला लक्षपूर्वक ऐकूनच आत्मसात करावी लागते.

एक साधे उदाहरण घ्यावे. कन्नडमध्ये 'बेळे' हा शब्द पहिला ए-कार ऱ्हस्व उच्चारला, तर 'पीक' या अर्थाचा होतो आणि तोच ए-कार दीर्घ उच्चारला, तर 'डाळ' या अर्थाचा होतो. तुरीच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेल्या आणि २०१९ साली आपल्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळविलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात हे दोन्ही शब्द पदोपदी लागतात. मराठीत ए-काराचा असा ऱ्हस्व-दीर्घ भेद अर्थ बदलत नाही. त्यामुळे मराठी मुलाच्या कानाला तो मुद्दाम ओळखावा लागतो. संगणकावरून ऐकविलेला पाठ घुमला, तुटला किंवा ऐकूच आला नाही, तर हा भेद शिकविण्याचा हेतूच विफल होतो.

एका बटणापासून अनेक वाटांपर्यंत

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे भरवून कृषिविषयक कार्यक्रम ऐकविण्याचा प्रयोग केला. तेव्हाच्या रेडिओला आवाजाचे एकच बटण असे. ते फिरविले की आवाज वाढे किंवा कमी होई. आजच्या संगणकाचे तसे नाही. त्याला अंगचे लहान ध्वनिवर्धक असतात. शिवाय हेडफोन, प्रोजेक्टर, ब्लूटूथ ध्वनिवर्धक, सभागृहातील अॅम्प्लिफायर आणि एकाहून अधिक माईक त्याला जोडले जातात. यांपैकी आवाज कोणत्या साधनातून बाहेर पडावा आणि किती मोठा असावा, हे संगणकाची कार्यप्रणाली ठरविते.

ही रचना पाटाच्या पाण्यावरून समजून घेता येते. मुख्य कालव्याचे दार, चारीचे दार आणि शेताच्या तोंडाशी असलेले दार अशी तीन दारे पार करून पाणी पिकाला पोचते. संगणकातही पहिले नियंत्रण पाठ किंवा चित्रफीत दाखविणाऱ्या आज्ञावलीत असते. दुसरे नियंत्रण कार्यप्रणाली त्या आज्ञावलीसाठी स्वतंत्रपणे ठेवते. तिसरे नियंत्रण आवाज बाहेर टाकणाऱ्या साधनाचे असते. अॅम्प्लिफायर जोडला असल्यास त्याचे बटण हे चौथे दार होय. यांपैकी एक जरी बंद असले, तरी बाकीची सर्व उघडूनही आवाज येत नाही. दोन दारे अर्धवट उघडी असतील, तर आवाज अपेक्षेपेक्षा बराच क्षीण होतो. २००७ साली सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टा या कार्यप्रणालीने प्रत्येक आज्ञावलीसाठी वेगळे नियंत्रण दिले. तेव्हापासून सोय वाढली, तशी तपासावयाची ठिकाणेही वाढली.

आवाज मध्येच नाहीसा का होतो

संगणकात एक साधन 'मूळ निवड' म्हणून ठरलेले असते आणि इतर सूचना नसल्यास सर्व आवाज त्यातूनच बाहेर पडतो. नवे साधन जोडले, की पुष्कळदा कार्यप्रणाली ही निवड आपण होऊन बदलते. हेडफोन खोचताच ध्वनिवर्धक गप्प होतात, ते याच कारणाने. ही सोय उपयुक्त आहे. परंतु तीच काही वेळा अडचणीची ठरते.

समजा, वर्गात प्रोजेक्टर एचडीएमआय तारेने संगणकाला जोडला. या तारेतून चित्राबरोबर आवाजही जातो. म्हणून संगणक प्रोजेक्टरलाच ध्वनिसाधन समजतो आणि आवाज तिकडे वळवितो. प्रोजेक्टरला ध्वनिवर्धक नसेल अथवा तो अगदी लहान असेल, तर पडद्यावर चित्र दिसते, पण वर्गात शांतता पसरते. यंत्र बिघडले असे समजून पाठ सोडून दिला जातो. वास्तविक यंत्र ठीक असते. आवाजाची वाट तेवढी बदललेली असते.

स्वयंचलित व्यवस्थेची चार अंगे

या अडचणींवर उपाय म्हणून कार्यप्रणालीत चार प्रकारची स्वयंचलित व्यवस्था आढळते.

पहिले अंग स्मरणाचे. प्रत्येक साधनासाठी ठरविलेली पातळी संगणक वेगवेगळी लक्षात ठेवतो. सभागृहातील ध्वनिवर्धक ७० टक्क्यांवर आणि हेडफोन ३० टक्क्यांवर ठेवले असतील, तर पुढच्या वेळी तेच साधन जोडताच तीच पातळी परत येते. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत हे काम आधी पल्सऑडिओ ही व्यवस्था करीत असे. अलीकडे अनेक लिनक्स प्रकारांत तिची जागा पाइपवायरने घेतली आहे. उबुंटूमध्ये हा बदल २०२२ साली झाला.

दुसरे अंग निवडीचे. कोणत्या आज्ञावलीचा आवाज कोणत्या साधनातून यावा, हे ठरवून देता येते. विंडोज १० मध्ये ही सोय २०१८ पासून आहे. पाठाचा आवाज मोठ्या ध्वनिवर्धकातून आणि इतर सूचनांचे आवाज संगणकाच्या अंगच्या ध्वनिवर्धकातून, अशी वाटणी करता येते.

तिसरे अंग प्राधान्याचे. संगणकावरून कोणाशी संभाषण सुरू झाल्याचे लक्षात आल्यास विंडोज इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करते. पहिल्यापासून केलेली योजना अशी असते. ती बदलता येते किंवा बंदही करता येते. कलबुर्गी येथे कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ २००८ साली सुरू झाले आणि २०१३ साली ते कायम झाले. २०२० च्या साथीपासून दूरदृश्य सुनावणी न्यायालयांच्या परिचयाची झाली आहे. दुरून बाजू मांडणाऱ्याचे शब्द अस्पष्ट पोचले, तर त्याचे म्हणणेच अपुरे राहते. म्हणून अशा प्रसंगी माईकची निवड आधीच तपासणे हे कर्तव्य समजले पाहिजे.

चौथे अंग समतोलाचे. एक पाठ हळू आवाजात, तर दुसरा मोठ्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेला असतो. संगणक दोहोंची पातळी जुळवू शकतो. प्रसारण क्षेत्रात यासाठी युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली प्रमाण ठरविले. घरगुती संगणकावर 'लाऊडनेस इक्वलायझेशन' या नावाने अशी सोय आढळते. मात्र ती सर्वच संगणकांवर असते असे नाही.

ब्लूटूथची मर्यादा

बिनतारी साधने सोयीची असली, तरी त्यांचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. ब्लूटूथ हेडफोनचा माईक वापरात येताच अनेक साधने संभाषणाच्या पद्धतीत जातात आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा कोंदट होतो. अशा आवाजात स, श आणि फ यांच्यातील भेद पुसट होतो. भाषेच्या पाठासाठी माईक वेगळा, शक्यतो तारेचा, ठेवल्यास हा दोष टळतो. दुसरे असे की, ब्लूटूथमधून आवाज किंचित उशिरा पोचतो. तारेचा आणि बिनतारी असे दोन ध्वनिवर्धक एकाच वेळी लावल्यास प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. शहाबादी फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज आधीच घुमत असतो. तेथे ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील फरक कळणे मग फारच कठीण होते. अशा खोलीत आवाज वाढविण्यापेक्षा ध्वनिवर्धक मुलांच्या जवळ आणणे आणि खाली सतरंजी अंथरणे अधिक हितावह ठरते.

कानांचे रक्षण

यंत्राची पातळी यंत्र लक्षात ठेवते. कानावर पडलेला भार मात्र कानालाच सोसावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या प्रमाणानुसार मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकावयाचे असल्यास सरासरी पातळी ८० डेसिबल, तर मुलांसाठी ७५ डेसिबल असावी. पातळी ३ डेसिबलने वाढली, की ऐकण्याचा सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला मोठ्या माणसासाठी २० तास उरतात आणि ९० डेसिबलला अवघे ४ तास. आतील कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून सभागृहासाठी वाढविलेला आवाज हेडफोनवर तसाच येऊ न देणे, हा स्वयंचलित व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ होय.

गावातही नियम आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि शांतता क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या परिसरात दिवसा ५० डेसिबल ही मर्यादा आहे. ग्रामपंचायतीचा संगणक ध्वनिवर्धकाला जोडताना याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे.

शाळा व कार्यालयांनी करावयाची तजवीज

प्रथम नेहमी लागणारी सर्व साधने एकेक करून जोडावीत आणि प्रत्येकाची पातळी ठरवून द्यावी. प्रोजेक्टरला ध्वनिवर्धक नसल्यास ध्वनीच्या यादीतील त्याची नोंद बंद करावी, म्हणजे आवाज तिकडे वळणार नाही. ध्वनिवर्धक आणि माईक यांची मूळ निवड निश्चित करावी. संगणकाची पातळी एकदा ठरविल्यावर कमीजास्त करण्याचे काम शक्यतो अॅम्प्लिफायरच्या एकाच बटणावर सोपवावे. नवे साधन जोडताना त्याची पातळी आधी ठरलेली नसते, म्हणून हेडफोन कानाला लावण्यापूर्वी आवाज खाली आणावा. शासकीय संगणकावर बाहेरची आज्ञावली बसविण्याआधी संबंधित अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी. हे सर्व एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून संगणकाशेजारी चिकटवावे. शिक्षक वा कर्मचारी बदलून गेले, तरी व्यवस्था त्यामुळे कायम राहते.

एवढे केल्यावरही एक तपासणी माणसानेच करावयाची असते. पाठ सुरू झाल्यानंतर शेवटच्या ओळीतील मुलाला, ऐकलेला शब्द पिकाचा होता की डाळीचा, एवढेच विचारावे. त्याचे उत्तर बरोबर आले, तर आवाजाची व्यवस्था योग्य आहे असे खुशाल समजावे.