नाण्याची पारख

एखाद्या माणसाचा शब्द विश्वासाचा असला, की त्याला ‘खणखणीत नाणे’ म्हणतात. हा वाक्प्रचार जुन्या बाजारातून भाषेत आला. त्या काळी रुपया हाती येताच दुकानदार तो दगडावर वाजवून पाही. खरा रुपया खणकन वाजे व त्याचा नाद क्षणभर घुमत राही. हिणकस रुपया मात्र बद्द वाजे. मराठेशाहीत नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. आज तो व्यवसाय केवळ आडनावात उरला आहे.

चांदीचे रुपये चलनातून गेले, तरी त्यांची ओढ गेली नाही. कर्जत तालुक्यातील कडावसारख्या गावी जुन्या घरांतून असे एकदोन रुपये जपून ठेवलेले असतात व लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते पूजेत मांडले जातात. या श्रद्धेचा व हौसेचा लाभ लबाड माणसे घेतात. त्यांची एक युक्ती फार जुनी आहे. अनोळखी माणूस दारी येतो आणि पाया खणताना रुपयांचा हंडा सापडल्याचे हळूच सांगतो. नमुन्यादाखल तो एक रुपया देतो. सराफ तो खरा असल्याचे सांगतो, कारण तो खराच असतो. मग शेतकरी बियाण्यासाठी राखलेले पैसे देऊन पिशवीभर रुपये घेतो, आणि ते सारे खोटे निघतात! वास्तविक, १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या अशा धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गुपचूप विकला जाणारा हंडा संशयास्पद समजावा, हे उत्तम.

खोटे नाणे ओळखावे कसे? पहिली कसोटी वजनाची. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. वापराने नाणे झिजते, म्हणून वजन किंचित कमी भरेल. परंतु एखादा ग्रॅम कमी वा अधिक भरल्यास सावध व्हावे.

दुसरी कसोटी सालाची. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ व १८७७ पासून ‘एम्प्रेस’ अशी अक्षरे आहेत. शिवाय १८६२ हेच साल १८७४ पर्यंतच्या रुपयांवर छापले जात होते. तेव्हा १८६८ साल असलेला रुपया कोणी दाखविल्यास तो खोटा समजावा. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली. बनावट नाण्यांना आळा बसावा म्हणून त्याच वेळी त्याच्या दातेरी कडेच्या मधोमध खाच ठेवण्यात आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. राम-सीता किंवा हनुमान यांची चित्रे आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे असलेली, १८१८ सालची म्हणून विकली जाणारी नाणी कंपनीने कधी पाडलीच नव्हती.

तिसरी कसोटी दृष्टीची. टांकसाळीत नाणे ठशांमध्ये दाबून पाडतात, म्हणून त्याची अक्षरे रेखीव उमटतात. खोटे नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. त्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरे बोथट असतात व कडेवर सांध्याची रेघ आढळते. दोन नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा दिसला, तर ती एकाच साच्यातून निघाली असे समजावे.

चौथी कसोटी शाळेच्या प्रयोगशाळेत करता येते. नाणे बारीक दोऱ्याने टांगून आधी हवेत व मग पाण्यात पूर्ण बुडवून तोलावे. चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाचे वजन पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने घटते. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा रुपया अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याची घट सुमारे १.३५ ग्रॅम भरते. आर्किमिडीजचा नियम असा घरच्या व्यवहारातही उपयोगी पडतो. लोहचुंबकाला चिकटणारा रुपया चांदीचा नव्हे. परंतु न चिकटणारा चांदीचाच असतो असे मात्र नाही, कारण तांबे, शिसे आणि पितळ हेही चुंबकाला चिकटत नाहीत.

यांतील कोणतीही एक कसोटी पुरेशी नसते. खोटे नाणे एखाद्या परीक्षेत उत्तीर्ण होईल; सर्व परीक्षांत उत्तीर्ण होणे त्याला कठीण जाते. म्हणून नाणी घेताना नमुन्यावर न विसंबता प्रत्येक नाणे तपासावे, जाणत्या सराफाचा सल्ला घ्यावा आणि विक्रेत्याकडून पावती मागावी. घरातील जुने नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. त्याने नक्षी झिजते व संग्राहकांच्या दृष्टीने मोल घटते.

खोटे नाणे पाडणाऱ्याला धातूहून अधिक साहाय्य होते ते घेणाऱ्याच्या लोभाचे. ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ असे विक्रेता म्हणू लागला, की खरेदी उद्यावर ढकलावी. खऱ्या नाण्याला एका दिवसाच्या विलंबाने काही उणेपणा येत नाही.