एका प्रदेशाची साक्ष : डॉर्चेस्टरचे डॉर्सेट संग्रहालय

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे तेथील परंपरागत प्रादेशिक विभाग, ज्याची ढोबळ तुलना आपल्याकडील जिल्ह्याशी करता येते. तिचे मुख्य ठिकाण असलेल्या डॉर्चेस्टर येथील डॉर्सेट संग्रहालयात पंधरा कोटी वर्षांहून जुन्या सागरी प्राण्याची कवटी, कांस्ययुगातील सोन्याचा पत्रा, रोमनांच्या घरांतील नक्षीदार जमिनी, एका कादंबरीकाराची अभ्यासिका आणि विसाव्या शतकातील शिल्पे एकाच छताखाली नांदतात. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु त्या सर्वांचे नाते एकाच भूमीशी आहे, आणि वस्तूइतकेच तिचे मूळ ठिकाण महत्त्वाचे मानणे हे या संग्रहाचे सूत्र आहे.

संग्रहालयाच्या स्थापनेमागे एक धोका होता. १८४५-४६च्या सुमारास लोहमार्ग डॉर्चेस्टरपर्यंत येऊ घातला, तेव्हा नवाश्मयुगात उभारलेले आणि पुढे रोमनांनी खेळांच्या प्रेक्षागारात रूपांतरित केलेले मॉम्बरी रिंग्ज हे वर्तुळाकार स्थळ आणि पाउंडबरीची लोहयुगीन तटबंदी उद्ध्वस्त होण्याची भीती निर्माण झाली. डॉर्सेटच्या बोलीत काव्यरचना करणारे शिक्षक विल्यम बार्न्स आणि धर्मोपदेशक हेन्री मूल यांच्यासारख्या स्थानिक जाणत्यांनी पुढाकार घेतला आणि जमिनीतून निघणाऱ्या अवशेषांना हक्काची जागा मिळवून दिली. निओ-गॉथिक शैलीतील सध्याची वास्तू १८८३मध्ये मुद्दाम संग्रहालयासाठी बांधून पूर्ण झाली, आणि विस्तारानंतर ती २०२१मध्ये पुन्हा खुली झाली. विशेष म्हणजे, काउंटीचे संग्रहालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था सरकारी नाही. निसर्ग आणि पुरातत्त्व यांचा अभ्यास करणाऱ्या स्थानिक मंडळाने ती सांभाळली आहे.

संग्रहाचा सर्वांत प्राचीन भाग किनाऱ्यावरील कड्यांतून आला आहे. समुद्राच्या माऱ्याने हे कडे सतत ढासळतात आणि जुरासिक काळातील थर उघडे पडून त्यांतील जीवाश्म, म्हणजे दगडात रूपांतरित झालेले जीवांचे अवशेष, बाहेर येतात. वेमथच्या उपसागरालगत काही वर्षांच्या कालावधीत तुकड्यातुकड्यांनी हाती लागलेली प्लायोसॉरची कवटी सुमारे २.४ मीटर लांब आहे. आखूड मान आणि प्रचंड जबडा असलेला हा जलचर त्या काळच्या समुद्रातील बलाढ्य शिकारी होता.

मानवी इतिहासाच्या दालनांत क्लँडन येथील दफनटेकाडातून १८८२मध्ये मिळालेला, एकात एक समभुज चौकोन कोरलेला सोन्याचा पातळ पत्रा लक्ष वेधून घेतो. मात्र संग्रहाचा कणा म्हणावा असा भाग गावाजवळच्या मेडन कॅसल या विस्तीर्ण लोहयुगीन टेकडीकोटाचा आहे. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर यांनी १९३४मध्ये तेथे उत्खनन आरंभले. टेसा यांच्या १९३६मधील निधनानंतर मॉर्टिमर यांनी ते १९३७पर्यंत चालवले. चेसिलच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेले गोफणीचे हजारो गोटे तेथे रचून ठेवलेले आढळले, आणि पूर्वेकडील प्रवेशद्वाराशी असलेल्या दफनांतील एका सांगाड्याच्या मणक्यात अणकुचीदार लोखंडी पाते रुतलेले मिळाले. इ. स. ४३च्या रोमन आक्रमणात येथे कत्तल झाली, असा निष्कर्ष व्हीलर यांनी काढला आणि तो अनेक दशके प्रचलित राहिला. या अस्थींचे किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने नव्याने कालमापन झाल्यावर २०२५मध्ये असे प्रसिद्ध झाले की, हे मृत्यू एकाच दिवशी नव्हे, तर काही दशकांच्या अवधीत, आक्रमणापूर्वीच्या काळातही, घडलेले होते. अस्थी आणि त्यांच्या नोंदी जपल्या गेल्या नसत्या, तर ही दुरुस्ती शक्यच झाली नसती.

याच उत्खननाशी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा धागा जुळतो. लंडन विद्यापीठात संशोधन करीत असताना ह. धी. सांकलिया यांनी मेडन कॅसल येथे व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचा अनुभव घेतला, आणि १९३९पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कार्यरत होऊन जोर्वे, नेवासे यांसारख्या स्थळांच्या उत्खननांतून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाचे, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या समाजांचे, चित्र उभे केले. व्हीलर स्वतः १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि मातीचे थर काटेकोरपणे वाचण्याची शिस्त त्यांनी येथील अनेक तरुण अभ्यासकांना लावली.

टॉमस हार्डी यांचा संग्रह हे या संस्थेचे दुसरे वैभव. त्यांच्या कादंबऱ्यांतील कॅस्टरब्रिज म्हणजे हेच डॉर्चेस्टर, आणि ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’चे हस्तलिखित येथेच आहे. मॅक्स गेट या त्यांच्या घरातील अभ्यासिका टेबल, पुस्तके आणि ग्रंथनामे कोरलेल्या लेखण्यांसह येथे पुन्हा मांडली आहे. त्या घराचा पाया खणताना रोमनकालीन दफने निघाली, तेव्हा हार्डी यांनी त्यांविषयी १८८४मध्ये स्थानिक अभ्यासमंडळापुढे निबंध वाचला; लेखक आणि माती यांच्यातील हे नाते संग्रहालयाबाहेर इतके स्पष्ट क्वचितच दिसते. लोकपरंपरेचा वाटा ‘डॉर्सेट ऊझर’ या शिंगे असलेल्या लाकडी मुखवट्याकडे जातो: मूळ मुखवटा १८९७च्या सुमारास नाहीसा झाला, आणि १९७५मध्ये घडवलेली त्याची प्रतिकृती आज येथे आहे. डॉर्सेटमध्ये राहून काम केलेल्या शिल्पकार एलिझाबेथ फ्रिंक यांच्या कलाकृतींचा मोठा ठेवाही अलीकडे दाखल झाला आहे.

राष्ट्रीय संग्रहालये निवडक उत्कृष्ट वस्तू एकत्र आणतात आणि तसे करताना वस्तूची तिच्या परिसराशी असलेली गाठ बहुधा सुटते. प्रादेशिक संग्रहालय नेमकी तीच गाठ टिकवून धरते. कवटी ज्या कड्यातून आली तो कडा आणि सांगाडा ज्या तटाखाली मिळाला तो तट येथून फार दूर नाही, त्यामुळे अभ्यासकाला वस्तूकडून स्थळाकडे आणि स्थळाकडून वस्तूकडे पुन्हापुन्हा जाऊन जुने निष्कर्ष तपासता येतात. वैविध्य ही अशा संस्थेची उणीव मानण्याचे कारण नाही; भूमीचा इतिहास विद्याशाखांच्या सीमा पाळत नाही, म्हणून त्याची साक्ष जपणाऱ्या संग्रहालयानेही त्या पाळू नयेत, हेच डॉर्सेटने सिद्ध केले आहे.