विजेवरच्या लोडिंग रिक्षा आणि गल्लीतली डीपी

जळगावच्या फुले मार्केटमधून किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागातून कापडाचे गठ्ठे पोहोचवायचे म्हटले की डिझेलचा खर्च आधी डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे आपले व्यापारी बंधू विजेवरच्या लोडिंग रिक्षांकडे वळू लागले, यात नवल नाही. गाडीची किंमत, हप्ता, किलोमीटरचा खर्च आपण बारकाईने विचारतो. पण रोज संध्याकाळी ही गाडी कोणत्या तारेवरून वीज घेणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या मते खरा हिशेब तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या भागातली डीपी जळाली. नवी बसेपर्यंत दुकाने अंधारात आणि माग बंद. आमचे नुकसान पुढे भरून निघाले, पण मागावरच्या मजुराची बुडालेली मजुरी त्याला कोणी दिली नाही. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा.

वीज आहे, वाट अरुंद आहे

भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे. साक्री तालुक्यात २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. म्हणजे वीज दूर आहे असे नाही. अडचण शेवटच्या टप्प्यावर येते. उपकेंद्रातून मोठ्या दाबाची लाइन गल्लीतल्या रोहित्रापर्यंत, म्हणजे आपल्या बोलीतल्या डीपीपर्यंत येते आणि तिथून घरे, दुकाने व माग चालतात. गोदाम मालाने भरलेले, पण दुकानाची गल्ली एका हातगाडीपुरतीच, असा हा प्रकार आहे.

आता उदाहरण घेऊ. गल्लीत १०० केव्हीएची डीपी आहे. ती साधारण ९० किलोवॅटचा भार पेलते. उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता दिवे, कूलर आणि माग मिळून ७० किलोवॅट आधीच चालू आहेत असे धरा. त्याच वेळी दहा रिक्षा परत येतात आणि दहाही प्लगला लागतात. एक चार्जर सुमारे ३ किलोवॅटचा, म्हणजे एक अश्वशक्तीचे चार माग एकदम सुरू केल्यासारखे. दहा चार्जरचे ३० झाले आणि भार १०० वर गेला. आधी व्होल्टेज पडेल, मागाच्या मोटारी तापतील, मग फ्यूज जाईल आणि रोज असेच चालले तर एक दिवस डीपीही जाईल. खान्देशात पारा ४५ अंशांवर जातो. अशा गर्मीत रोहित्राची ताकद आणखी कमी होते.

हाच हिशेब दुसऱ्या रीतीने करू. दिवसभराच्या फेऱ्यांनंतर एका रिक्षाला मीटरवर सुमारे ८ युनिट लागतात, म्हणजे पावणेतीन तास. रात्री दहानंतर चार, मग तीन, मग तीन अशा पाळ्या लावल्या, तर सकाळी सहाच्या सुमारास दहाही गाड्या तयार असतात. भार मात्र कधीही १२ किलोवॅटच्या वर जात नाही. गाड्या त्याच, डीपी तीच. फरक फक्त वेळापत्रकाचा.

लंडनमध्ये यूपीएस या माल पोहोचवणाऱ्या कंपनीलाही हीच अडचण आली. तिथल्या कॅमडन डेपोत वीजजोडणी फक्त ६५ विद्युत गाड्यांना पुरत होती. चार्जिंगच्या पाळ्या लावणारी यंत्रणा आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या बसवून सर्व १७० गाड्यांची सोय करता येईल, असे २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केले.

गाडी घेण्यापूर्वी काय करावे?

(१) बिलावरचा मंजूर भार पाहावा. चार्जर धरून तो अपुरा असेल, तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा. अर्जच नसेल, तर मोठी डीपी कोणत्या आधारावर मिळणार?

(२) स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली, तर त्या जागेचाच दर लागतो. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या चार्ज करायच्या असतील, तर चार्जिंग स्टेशनची वेगळी जोडणी घ्यावी. परवान्याची गरज नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र मागाच्या जोडणीवर हा धंदा केला, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

(३) आपल्या जोडणीला कोणत्या तासांना सूट आहे आणि कोणत्या तासांना जादा दर, ते कार्यालयात विचारून मगच पाळ्या ठरवाव्यात.

(४) चार्जरसाठी स्वतंत्र जाड वायर, योग्य एमसीबी आणि पक्के अर्थिंग करावे. साधी एक्स्टेन्शन वायर वापरू नये. उन्हातून आलेली गाडी आधी थंड होऊ द्यावी.

(५) छोटा हत्ती घेणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. विजेवरच्या टाटा एसची बॅटरी सुमारे २१ युनिटची आहे. तिला रिक्षाची पाळी पुरणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम एकट्याने होत नाही. एका डीपीवरच्या सर्व गाडीवाल्यांनी आणि मागवाल्यांनी एकदा बसावे, गाड्यांची यादी करावी, पाळ्या लिहून भिंतीवर लावाव्यात आणि पुढच्या दोन वर्षांचा भार मांडून एकत्र अर्ज द्यावा. आज दोन गाड्या आहेत तोवर हे एका बैठकीत जमेल. वीस झाल्यावर आधी भांडण होईल आणि मग बैठक. डिझेलमध्ये वाचवलेला पैसा अंधारात घालवण्यात शहाणपण नाही.