आईचा स्वतःचा वेळ : आधी बाजूला काढावा, मग खर्चावा

आपल्या ओळखीतल्या कुठल्याही आईला विचारा, "स्वतःसाठी वेळ कधी काढतेस?" उत्तर ठरलेले असते : "सगळं आवरलं की." आणि सगळे कधीच आवरत नाही.

बँकेच्या काउंटरवर बसून मी हेच वाक्य पैशाच्या बाबतीत अनेकदा ऐकले आहे. "महिनाअखेरीस उरले तर रिकरिंगमध्ये टाकीन." महिनाअखेरीस कुणाचे काही उरत नाही. ज्यांची शिल्लक वाढली ते पगाराच्या दिवशीच हप्ता बाजूला काढणारे होते, मग पगार कितीही लहान असो. नोकरी आणि दोन मुले सांभाळताना माझ्या लक्षात आले की वेळेचेही तसेच आहे. म्हणून मंडळाच्या भगिनींसाठी, आणि त्यांच्या घरच्या पुरुषांसाठीही, हे चार शब्द.

आधी हिशेब पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली की लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. यातही मेख अशी की मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रियांचा आकडा २८९ वर आला आणि पुरुषांचा ८८ वर. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली! मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे यात धरलेलेच नाही, ते वेगळे.

आपल्या भागात यावर आणखी काही भर पडते. शहरातल्या ज्या गल्ल्यांत चोवीस तास पाणी नाही, तिथे पाणी सोडण्याच्या दिवशी बाईची झोप नळावर अवलंबून असते. दुसरी गोष्ट अभ्यासाची. आई मराठी शाळेत शिकलेली, मूल इंग्रजी माध्यमात, आणि कन्नड विषय सक्तीचा. संध्याकाळी वही उघडली की आईलाच परीक्षेला बसल्यासारखे होते. एसएसएलसीच्या वर्षी तर घरात मोठ्याने बोलायचीही चोरी. निपाणीकडे घरी विड्या वळणाऱ्या बायकांची अडचण निराळीच आहे. मजुरी हजारावर मोजली जाते, त्यामुळे सूप मांडीवर असेपर्यंत दिवस संपत नाही, आणि घर हेच कामाचे ठिकाण असल्याने कामावरून घरी येणे असा प्रकारच नाही.

सततच्या ताणात शरीर सावध अवस्थेत राहते. नाडी जलद चालते, खांदे आणि मान आखडतात, झोप तुटक होते, पित्त वाढते. मग मुलावर ओरडणे होते आणि नंतर त्याचे वाईट वाटत राहते. हा स्वभावाचा दोष नव्हे. थकलेल्या शरीराचे ते लक्षण आहे, आणि म्हणून उपायही शरीरापासूनच सुरू करावा लागतो.

पहिली सवय म्हणजे वीस मिनिटांचा रोजचा हप्ता. वेळ ठरलेली हवी, सकाळी साडेसहा म्हणा किंवा संध्याकाळी सात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या वीस मिनिटांत गॅसवरचे दूध कोण बघणार, दाराची बेल वाजली तर कोण उठणार, हे नाव घेऊन ठरवायचे. नाव ठरले नाही की आई खुर्चीत बसलेली असते, पण कान स्वयंपाकघरातच असतात. ती विश्रांती नव्हे. त्या वेळात काय करावे हे मी सांगणार नाही. कुणी सूर्यनमस्कार घालेल, कुणी पेपर वाचेल, कुणी गॅलरीत नुसते बसेल. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवावा.

दुसरी गोष्ट खाण्याची. आपल्याकडे बायका सर्वांच्या शेवटी जेवतात आणि मधल्या वेळी भूक चहावर भागवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि कर्नाटकात जवळजवळ ४८ टक्के रक्तक्षयी आढळल्या. दम लागणे, चिडचिड, कामात मन न लागणे याला आपण टेन्शन म्हणतो, पण पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचे लक्षण असते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी, कारण त्यातही असाच थकवा येतो. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते, म्हणून मध्ये तासभर तरी जाऊ द्यावा. पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळले तर उलट फायदा होतो. आणि नाश्ता डबे भरायच्या आधी, निदान भरता भरता, करून घ्यावा. डबे गेल्यावर करू म्हटले की साडेअकरा वाजतात.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे जरा झपझप हालचाल करायला सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. टिळकवाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, किल्ल्याकडच्यांना तलावाचा काठ आहे. एवढ्या अंतरावर अशी सावली कितीशा शहरांत मिळते? जमले तर शेजारणीला घेऊन जावे. एकटीचे चालणे पहिल्या पावसात बंद पडते, पण दुसरी दारात उभी असली की छत्री घेऊन निघावेच लागते.

या शेजारणीवरून एक गोष्ट आठवली. पूर्वी बायकांना ताण नव्हता असे म्हणणाऱ्यांनी जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. हेमा राइरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत देव आहे, माहेर आहे, तसा सासरचा जाचही आहे. पहाटे दोघी जात्याला बसायच्या आणि जे दिवसा बोलता येत नसे ते गाऊन मोकळे करायच्या. गिरणी आली, हात सुटले हे चांगलेच झाले, पण त्या बोलण्याची जागाही गेली. आपल्या निपाणीतही १९८० च्या सुमारास तंबाखूच्या वखारींतल्या बायका एकत्र आल्या. त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. स्वतःचा त्रास दुसरीच्या तोंडून ऐकला की तो आपल्या एकटीचा राहत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळले होते. आज भिशी, हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर ही तशी जागा होऊ शकते. फक्त त्यात साड्यांच्या आणि पदार्थांच्या चढाओढीचा नवा ताण आणू नये, असे मला वाटते. भिशीला चहा आणि चिवडा पुरे.

डोक्यातली यादी कागदावर उतरवणे ही सवय बँकेने मला लावली. गॅस बुक करायचा, फी भरायची, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात, हे सगळे एका बाईच्या डोक्यात फिरत असते आणि ते कुणाला दिसत नाही. दुधाचा खाडा मांडतो त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ही कामे लिहावीत आणि प्रत्येकापुढे घरातल्या कुणाचे तरी नाव घालावे. दहा वर्षांच्या मुलाचेही चालेल. "सांगितलं असतंस तर केलं असतं" म्हणणाऱ्यांना त्यामुळे निमित्त राहत नाही. रात्री नऊनंतर शाळेचा व्हॉट्सअॅप गट उघडू नये, उद्याच्या प्रोजेक्टचा तक्ता त्या वेळी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

अगदी घाईच्या वेळी कामाला येणारी एक छोटी युक्ती. कुकरच्या दोन शिट्यांच्या मध्ये खांदे सैल सोडून सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. असे पाच-सहा वेळा. श्वास लांब सोडल्याने नाडीची गती उतरते.

या सवयींनी नेहमीचा ताण हलका होतो, आजार बरा होत नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे साधारण आहे, पण ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, झोप पूर्ण गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. बाळंतीण नसलेल्या बाईलाही हेच लागू आहे. घरात बोलण्याचा संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत. कर्नाटकातून फोन लावला तरी मराठीत बोलायचे आहे असे सुरुवातीलाच सांगावे.